दहा महिने चान्स घेतोय, नेमकं कुठे अडतंय?

शेवंती_ | ४ जून, रात्री ११:४२

लिहू की नको करत महिना गेला, आज लिहितेच.

मी ३२, नवरा ३४. गेले दहा महिने बाळासाठी चान्स घेतोय. पाळी वेळेवर येते, म्हणजे ३२ ते ३४ दिवसांनी, कधी चुकत नाही. दोघांच्या ड्यूट्या उलटसुलट असल्यामुळे महिन्याचे मोजके दिवसच आम्ही एकत्र असतो. म्हणून मी रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी तापमान घेऊन वहीत लिहिते. तापमान चढलं की पुढचे दोन-तीन दिवस आम्ही ठरवून जवळ येतो. दर महिन्याला ते छान चढतं, म्हणजे ओव्ह्युलेशन, बीज बाहेर पडणं, होतंय ना? तरी दोन आठवड्यांनी पाळी हजर. या वेळी आली तेव्हा बाथरूमची कडी लावून बराच वेळ नुसती बसून होते.

डॉक्टरांकडे जायच्या आधी आम्ही दोघांनी काय करायला हवं? वजन, व्यायाम, गोळ्या, सवयी, जे माहीत असेल ते सांगा. फक्त 'डोक्यातून विषय काढून टाक, आपोआप होईल' एवढं नको. ते खूप ऐकून झालंय.

रातराणी | ४ जून, रात्री ११:५८

शेवंती, घट्ट मिठी. वाचतेय.

मृद्गंध | ५ जून, सकाळी ७:१५

संबंधांनंतर लगेच उठू नकोस. कमरेखाली उशी घे आणि पाय भिंतीला लावून अर्धा तास पडून राहा. माझ्या बहिणीला दोन्ही वेळा असंच राहिलं.

सरळरेषा | ५ जून, सकाळी ९:३०

मृद्गंध, उशीने नुकसान काही नाही, पण तिच्यामुळे दिवस राहतात याला आधारही नाही. काही मिनिटांतच शुक्राणू गर्भाशयमुखाच्या स्रावात शिरलेले असतात. नंतर बाहेर येतो तो बहुतांशी उरलेला द्रव. तो बघून 'सगळं वाया गेलं' म्हणून अनेकजणी उगाच हळहळतात. लगेच उठून लघवीला गेलं तरी चालतं.

पण शेवंती, तुमचं एक वाक्य मी तीनदा वाचलं. 'तापमान चढलं की जवळ येतो', हे खरंच असंच करता का? तापमान चढतं ते ओव्ह्युलेशन होऊन गेल्यावर. स्त्रीबीज बाहेर पडलं की अंडाशयात मागे उरलेल्या भागातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुटतं आणि त्याने तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढतं. म्हणजे वहीत चढ दिसतो तेव्हा गाडी स्टेशनातून सुटलेली असते. स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून शुक्राणूंनी आधी पोचून वाट बघायची असते.

अमेरिकेत ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी २२१ जणींच्या ६२५ मासिक चक्रांची लघवीतल्या संप्रेरकांवरून नोंद ठेवली होती, १९९५ साली ती प्रसिद्ध झाली. राहिलेल्या सगळ्या गर्भधारणांचा मेळ ओव्ह्युलेशनचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहाच दिवसांतल्या संबंधांशी लागला. त्या दिवसानंतरच्या संबंधांतून एकही नाही.

शेवंती_ | ५ जून, सकाळी १०:०४

हो, असंच करतोय. दहाही महिने. चढ दिसला की त्या तारखेवर लाल पेनने गोल करायचे आणि नवऱ्याला एका शब्दाचा मेसेज टाकायचे, 'चढलं'. त्या गोलाच्या आधीचा आठवडाभर आम्ही मुद्दाम लांब राहायचो, 'साठा' राहावा म्हणून.

आत्ता ऑफिसात बसून हे वाचलं आणि हातपाय गार पडले. मग आता चौदावा दिवस धरायचा का?

गणिती | ५ जून, सकाळी १०:५१

चौदावा दिवस नाही. तो २८ दिवसांच्या चक्राचा हिशेब आहे, आणि तिथेही तो पक्का नसतो.

मोजायचं शेवटाकडून. बीज बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ बऱ्याच जणींत १२ ते १४ दिवसांचा असतो, लांबतो-आखडतो तो आधीचा भाग. जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाऊस या दोघांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे हे दाखवलं. त्याआधीच्या शतकात कित्येक डॉक्टर पाळीच्या आगेमागेचे दिवस सुपीक आणि मधले दिवस 'सुरक्षित' असं सांगायचे! तेव्हा किती जोडप्यांनी किती वर्षं चुकीचे दिवस मोजले असतील.

तुमचं चक्र ३३ दिवसांचं धरलं तर ३३ वजा १४ म्हणजे साधारण १९ वा दिवस. सुपीक काळ १४ ते १९, आणि चक्र एक-दोन दिवस इकडेतिकडे होतं म्हणून १२ ते २१ धरा. त्यातही ओव्ह्युलेशनच्या आधीचे दोन दिवस सगळ्यात मोलाचे. तुमचा लाल गोल २० व्या-२१ व्या दिवशी पडत असणार.

शेवंती_ | ५ जून, सकाळी १०:५९

वही घरी आहे, पण मागच्या तिन्ही महिन्यांचे आकडे पाठ आहेत. २०, २१, २०.

कोकरू | ५ जून, दुपारी १:२०

अगं, मग यात वाईट कमी आणि चांगलं जास्त आहे. ओव्ह्युलेशन दर महिन्याला होतंय याचा लेखी पुरावाच तुझ्या वहीत आहे. आमच्यासारख्यांना तो मिळवायलाच सोनोग्राफीच्या खेपा घालाव्या लागल्या.

एक मात्र सांगते. वही, ॲप, लघवी तपासायच्या पट्ट्या सगळं बाजूला ठेव. पाळी थांबली की दर एक-दोन दिवसांनी जवळ या. सुपीक दिवस त्यात आपोआप सापडतात. आम्ही सगळी मोजदाद सोडली तेव्हाच घरातलं वातावरण निवळलं.

आणि तो 'साठा' विसरा. रोज किंवा एक दिवसाआड संबंध असणाऱ्यांतच गर्भ राहायचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसतं. फार दिवस थांबलं तर संख्या वाढते, पण शुक्राणूंची हालचाल मंदावते.

निळासावळा | ५ जून, दुपारी २:०५

कोकरू, ज्यांचं एकत्र राहणंच महिन्यातून आठ-दहा दिवस आहे त्यांना 'मोजू नका' सांगून कसं चालेल? त्यांनी ते आठ-दहा दिवस कुठे खर्च करायचे हाच तर प्रश्न आहे.

आम्हीही दोन शहरांत राहायचो. एलएच पट्ट्यांचा फार उपयोग झाला. बीज बाहेर पडायच्या साधारण २४ ते ३६ तास आधी हे संप्रेरक एकदम उसळतं आणि लघवीत सापडतं. पट्टीवरची तपासरेष शेजारच्या रेषेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी चुकवायचं नाही. मात्र पट्टीसाठीही थांबून राहू नका, तिच्या आधीचे दोन-तीन दिवसही धरा. शेवंतीताई, तुमच्या चक्राला तेराव्या-चौदाव्या दिवसापासून रोज तपासायला सुरुवात करता येईल.

सावली_दुपारची | ५ जून, दुपारी ४:४०

पट्ट्यांबद्दल एक इशारा. मला पीसीओएस आहे, म्हणजे संप्रेरकांच्या गडबडीमुळे बीज वेळेवर बाहेर न पडण्याचा त्रास, त्यात एलएच मुळातच चढं असू शकतं. माझी पट्टी महिन्यातून चार वेळा गडद व्हायची आणि आम्ही चारही वेळा धावपळ करायचो. शेवटी डॉक्टरांनी फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीजाची वाढ बघणाऱ्या सोनोग्राफी केल्या, तेव्हा कळलं की बीज फुटतच नव्हतं. पाळी महिनोन्‌महिने लांबणाऱ्यांनी पट्ट्यांवर विसंबू नये आणि वर्षभर वाटही बघू नये.

माझं वजन ६ किलो उतरलं तेव्हा, म्हणजे आधीच्या वजनाच्या ७-८ टक्के, पाळी आपली आपण यायला लागली. पीसीओएसमध्ये ५ ते १० टक्के वजन कमी झाल्यानेही अनेकींचं ओव्ह्युलेशन सुरू होतं. तरी मला लेट्रोझोल, बीज बाहेर पडावं म्हणून देतात ती गोळी, लागलंच. २०१४ साली ७५० जणींवर झालेल्या चाचणीत जुन्या क्लोमिफीनपेक्षा लेट्रोझोलवर मूल झालेल्यांचं प्रमाण जास्त निघालं, १९.१ च्या तुलनेत २७.५ टक्के. ही गोळी कुणी मनाने आणून घेऊ नका, सोनोग्राफीच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

पानगळ | ५ जून, सायंकाळी ६:१०

फुकट आणि कायम सोबत असलेली खूण कुणी सांगितलीच नाही. स्राव! सुपीक दिवस जवळ आले की तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा होतो, पारदर्शक आणि बोटांत धरून ताणला तर तार येणारा. एरवी घट्ट-पांढरट किंवा कोरडं असतं. ओलं-निसरडं वाटलं की समजायचं, दिवस आले. ॲप तुमच्या मागच्या तारखांवरून अंदाज बांधतं, स्राव या महिन्यातलं सांगतो.

भटकी_मांजर | ५ जून, रात्री ९:३३

'चढलं' वरून आठवलं. माझ्या नवऱ्याने फोनवरच्या त्या दिवसांच्या अलार्मला 'बिल भरणे' असं नाव दिलं होतं. एकदा शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने तो वाचून अतिशय काळजीने विचारलं, "तुमचं बिल दर महिन्याला सलग पाच दिवस भरावं लागतं का हो? तक्रार करा!" पुढे मुलगी झाली तेव्हा पेढ्याऐवजी पावती मागितली त्यांनी.

रातराणी | ५ जून, रात्री ९:४०

पावती!! घरातले सगळे बघायला आले मी एवढी का हसतेय.

एक_नवरा | ५ जून, रात्री ११:५०

पहिल्यांदाच लिहितोय, बायकोला विचारून. अलार्मच्या दुसऱ्या बाजूबद्दल कुणी बोलत नाही म्हणून.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून 'आज आहे' ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा. एरवी सगळं ठीक, पण नेमक्या त्या दोन दिवसांत शरीर साथ देईना. तिला वाटायचं मला मूल नकोय. मला वाटायचं मी पुरुषच नाही. दोघंही रडायचो, वेगवेगळ्या खोल्यांत. शेवटी डॉक्टरांसमोर तोंड उघडलं तेव्हा ते म्हणाले की चान्स घेणाऱ्या जोडप्यांत हे रोजचं आहे. तात्पुरती गोळी दिली, आणि तारखा बायकोने मला सांगायच्या नाहीत असं ठरलं. पट्टी तिची ती बघायची आणि नुसती जवळ येऊन बसायची. आमच्यासाठी तो बदल कुठल्याही गोळीपेक्षा मोठा ठरला.

शेवंतीताई, तुमचा एका शब्दाचा मेसेज वाचून तो काळ आठवला. त्याला विचारा, मेसेज आला की त्याला काय होतं.

शेवंती_ | ६ जून, पहाटे ५:५०

विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुझा फोन वाजला की आधी भीती वाटते." दहा महिन्यांत मला हे ठाऊक नव्हतं. एक_नवरा, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

प्रयोगवही | ६ जून, सकाळी ८:२५

मी प्रयोगशाळेत वीर्यतपासणी करते, बारा वर्षं झाली. एक गोष्ट दर आठवड्याला बघते आणि दर आठवड्याला जीव तुटतो. बायकोच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे, कधीकधी दुर्बिणीची तपासणीसुद्धा झालेली असते, आणि मग दोन वर्षांनी नवऱ्याचा पहिला नमुना माझ्याकडे येतो. मूल न होण्यात साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. सगळ्यात सोपी, न दुखणारी तपासणी तीच. ती पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी.

नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन नको. आधीच्या तीन महिन्यांतला ताप, आजार, औषधं न लाजता सांगा. प्रयोगशाळेतच देता आला तर उत्तम. घरून आणायचा तर तासाभराच्या आत, अंगाच्या उबेत ठेवून, आणि नेहमीच्या कंडोममध्ये अजिबात नको, त्यातल्या रसायनांनी शुक्राणू मरतात. पहिला थेंब सांडला तर तेही सांगा, सगळ्यात जास्त शुक्राणू त्यातच असतात.

रिपोर्टवरचे आकडे बघून घाबरणारेही खूप भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीत खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्य १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के, चांगल्या आकाराचे ४ टक्के. हो, ४ टक्केच! 'फक्त ५ टक्के नॉर्मल' वाचून माझ्यासमोर माणूस खाली बसलाय, आणि रिपोर्ट चांगला होता. या मर्यादा काढल्या त्या वर्षभरात बाप झालेल्या पुरुषांच्या नमुन्यांवरून, आणि त्या बापांतलेही शंभरातले पाच या रेषेच्या खालीच होते. तेव्हा याला पास-नापास समजू नका.

कुंपण | ६ जून, सकाळी ११:००

पुरुषांसाठी काही गोळ्या असतात का? झिंक वगैरे?

प्रयोगवही | ६ जून, दुपारी १२:४०

जाहिराती खूप आहेत. २०२० साली २३७० जोडप्यांवर मोठी चाचणी झाली, पुरुषांना सहा महिने फॉलिक ॲसिड आणि झिंक दिलं. मूल होण्याच्या प्रमाणात काहीच फरक पडला नाही, ३४ आणि ३५ टक्के, आणि ३५ वाले औषध नसलेली नकली गोळी घेणारे होते.

त्यापेक्षा नुकसान करणाऱ्या गोष्टी थांबवा. सगळ्यात आधी, जिममध्ये शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा स्टेरॉइड. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना आतून काम थांबवायला सांगतो. पिळदार शरीराच्या, पंचविशी-तिशीतल्या मुलांचे शून्य शुक्राणूंचे नमुने मी पाहिलेत. बंद केल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण महिने लागतात. सिगारेट, तंबाखू, जास्त दारू. आणि उष्णता: वृषणं शरीराबाहेर आहेत ती दोन-चार अंश थंड राहायला. मांडीवर लॅपटॉप, गरम पाण्याच्या टबात तासन्‌तास बसणं टाळा. शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला अडीच ते तीन महिने लागतात, त्यामुळे आज सोडलेल्या सिगारेटचा हिशेब तीन महिन्यांनी दिसतो. आणि कुठलंही चालू औषध मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

सरळरेषा | ६ जून, दुपारी ३:३०

यात एक भर. ल्युब्रिकंट वापरत असाल तर तपासून बघा. बाजारातल्या पाण्यावर आधारित अनेक ल्युब्रिकंटमुळे प्रयोगशाळेत शुक्राणूंची हालचाल मंदावलेली दिसली आहे. लाळेचंही तेच. शुक्राणूंना सुरक्षित अशी वेगळी मिळतात. जोडप्याला वेळापत्रकाने जवळ यावं लागतं तेव्हा कोरडेपणा येतोच, म्हणून हे सांगणं गरजेचं वाटलं.

दुसरी_आयडी | ६ जून, रात्री १०:१५

मुद्दाम वेगळ्या आयडीने लिहितेय. कोरडेपणाचा विषय निघाला म्हणून. लग्नाला तीन वर्षं झाली, सगळे विचारतात, आणि आमचे संबंध पूर्ण होऊच शकले नव्हते. इतकं दुखायचं की शरीर आपोआप बंद व्हायचं. 'मूल का होत नाही' म्हणून दोन ठिकाणी माझ्या रक्ततपासण्या झाल्या, पण संबंध होतात का, हे कुणी विचारलंच नाही आणि मला सांगता आलं नाही. तिसऱ्या डॉक्टर बाईंनी विचारलं. त्याला व्हजायनिस्मस म्हणतात. त्यावर व्यायाम आहेत, समुपदेशन आहे, आणि बहुतेकींचं बरं होतं. माझं झालं. कुणी गप्प बसून वाचत असेल तर तिच्यासाठी हे लिहिलंय.

रातराणी | ६ जून, रात्री १०:२९

किती धीर लागला असेल हे लिहायला. कुणीतरी नक्की वाचत असेल गं.

दूरदेशी | ७ जून, सकाळी ८:०५

धागाकर्तीला राग येईल, तरी म्हणतो. ताणाचा परिणाम होतोच. आमच्या ओळखीत तीन जोडपी आहेत ज्यांनी नाद सोडला आणि लगेच राहिलं.

गणिती | ७ जून, सकाळी ९:१२

दूरदेशी, नाद सोडूनही न राहिलेली जोडपी तुम्हाला येऊन सांगत नाहीत, म्हणून ती मोजणीत येत नाहीत. २०११ साली १४ अभ्यासांतल्या ३५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. आयव्हीएफच्या (बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर जुळवायच्या) उपचारांच्या आधी मनावर किती ताण होता याचा त्या फेरीत गर्भ राहण्या-न राहण्याशी संबंध आढळला नाही. ताण कमी करायलाच हवा, माणसाला सुखाने जगता यावं म्हणून. पण 'तू काळजी करतेस म्हणून होत नाही' हे आधीच खचलेल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक ओझं आहे.

दूरदेशी | ७ जून, सकाळी ९:४५

हे असं कधी पाहिलं नव्हतं. शेवंती, माझे शब्द मागे घेतो.

कोकरू | ७ जून, सकाळी १०:२०

तरी एक म्हणेन, जवळीक ताणामुळेच कमी होते, आणि जवळीक कमी झाली की संधी कमी होते. एवढा तरी संबंध आहेच ना.

गणिती | ७ जून, सकाळी १०:३१

हो, हे शंभर टक्के मान्य.

आकड्यांचंच निघालंय तर. तिशीच्या आसपास निरोगी जोडप्याला सगळं जुळून आलं तरी एका महिन्यात राहण्याची शक्यता चार-पाचात एक एवढीच. वर्षभरात शंभरातल्या ८०-८५ जोडप्यांना राहतं, उरलेल्यांतल्या साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षी. शेवंती, तुमचे दहा महिने मी दहा धरतच नाही. योग्य दिवशी प्रयत्न झालेले महिने अजून सुरूच झालेले नाहीत. शांतपणे या महिन्यापासून एक मोजा.

प्रयोगवही | ७ जून, दुपारी १२:१०

गणिती, इथे मी अडवते. एकपासून मोजायला लावलंत तर त्या आणखी वर्षभर दाराबाहेर थांबतील आणि ३३ च्या पुढे जातील. ३५ च्या आत वर्षभर आणि ३५ नंतर सहा महिने थांबावं असं सांगतात, पण साध्या तपासण्यांना कुणी अडवलेलं नाही. नवऱ्याची वीर्यतपासणी, शेवंतीचं थायरॉइड, हिमोग्लोबिन, रुबेलाची प्रतिकारशक्ती, दोघांचं थॅलसेमियासाठी रक्त आत्ताच करून घ्या. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर महिनाभर चान्स घ्यायचा नसतो, म्हणून ते आधी कळलेलं बरं.

गणिती | ७ जून, दुपारी १२:२५

पटलं. महिने एकपासून मोजा, तपासण्या मात्र थांबवू नका.

मृद्गंध | ७ जून, दुपारी १:०२

एएमएचची रक्ततपासणीही करून घेऊ दे ना. माझ्या मैत्रिणीचं १ च्या खाली आलं तर तिला 'आता नैसर्गिक विसरा' सांगितलं.

सरळरेषा | ७ जून, दुपारी २:४८

एएमएच किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज देतं. इंजेक्शनं दिली तर किती बीजं हाती लागतील हे आयव्हीएफआधी कळावं म्हणून ते उपयोगी. नैसर्गिकरीत्या राहील का, हे त्यावरून कळत नाही. २०१७ साली ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कमी एएमएच असलेल्यांना राहण्याची शक्यता इतरांइतकीच निघाली. महिन्याला लागतं एकच बीज. फरक पडतो तो वयाने, बीजांचा दर्जा त्यासोबत बदलतो. तुमच्या मैत्रिणीला आणखी एका डॉक्टरांचं मत घ्यायला नक्की सांगा.

पानगळ | ७ जून, सायंकाळी ७:३०

फॉलिक ॲसिड कुणीच म्हणालं नाही म्हणून. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या किमान महिनाभर आधीपासून, पुढे १२ आठवडे. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं कळतं न कळतं तोवर. मधुमेह, फिट्सची औषधं किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर डॉक्टर ५ मिलिग्रॅम देतात. या गोळीने लवकर राहतं असं नाही, पण राहिल्यावर तिला उशीर झालेला असतो.

माझं पहिलं नवव्या आठवड्यात गेलं. सहा महिने थांबायलाच हवं असं सगळे म्हणत होते. डॉक्टर म्हणाल्या, शरीर ठीक आहे, एक पाळी येऊ दे, मग मनाची तयारी होईल तेव्हा सुरू करा. मनाला पाच महिने लागले.

शेवंती_ | ७ जून, रात्री ११:२०

पानगळ, तुला काय लिहू कळत नाही. फक्त हात धरून बसते.

सगळे प्रतिसाद दोघांनी मिळून वाचले. उद्यापासून फॉलिक ॲसिड. तापमान घेणं बंद, पट्ट्या मागवल्या. त्याच्या तपासणीसाठी वेळ घेतोय.

शेवंती_ | ३० जुलै, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. दोन महिने योग्य दिवस साधले. राहिलं नाही, पण ते सांगायला आले नाही.

परवा त्याचा रिपोर्ट आला. एका मिलीत ९० लाख, हालचाल ३१ टक्के. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. तो कालपासून बोलत नाहीये. प्रयोगवहीताई, आधीच्या तीन महिन्यांतला ताप सांगा असं तुम्ही म्हणाला होतात. त्याला जूनमध्ये, १२ तारखेपासून तीन दिवस १०३ ताप होता. आम्ही तिथे सांगायलाच विसरलो. त्याने फरक पडतो?

प्रयोगवही | ३० जुलै, रात्री ९:५२

पडतो. तसा ताप आला की त्या वेळी तयार होत असलेल्या शुक्राणूंना फटका बसतो आणि पुढचे दोन-तीन महिने नमुना खाली दिसू शकतो. तुमचा नमुना तापानंतर साधारण साडेसहा आठवड्यांचा आहे, म्हणजे नेमका त्याच काळातला. म्हणून या एका कागदावरून काहीही ठरवायचं नाही. दुसरा नमुना सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात द्या, त्याच प्रयोगशाळेत, तितक्याच दिवसांच्या अंतराने.

पुढच्या आठवड्यातली डॉक्टरांची भेट मात्र रद्द करू नका. वृषणांजवळच्या शिरा फुगलेल्या असतात का ते हाताने तपासून कळतं, त्याला व्हेरिकोसील म्हणतात, दर शंभर पुरुषांत साधारण पंधरांना असतं आणि मूल न होणाऱ्यांत जास्त आढळतं. आणि मधल्या महिन्यांत प्रयत्न थांबवू नका. ९० लाख म्हणजे शून्य नव्हे. हे त्यांना माझ्या नावाने वाचून दाखवा.

एक_नवरा | ३० जुलै, रात्री १०:३०

माझा पहिला रिपोर्ट ७० लाखांचा होता. त्यांना कधी बोलावंसं वाटलं तर मला निरोप पाठवा, कितीही वाजता.

शेवंती_ | ३१ जुलै, सकाळी ७:०५

वाचून दाखवलं. तो स्वतःच कॅलेंडरवर सप्टेंबर काढून बसला. एक_नवरा, तुम्हाला रात्री निरोप आला असेल, तो त्याचाच.

नवी_पालवी | ३१ जुलै, दुपारी १२:१६

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. माझी पाळी २४ दिवसांनी येते. आम्ही आत्तापर्यंत चौदाव्या दिवसाच्या आसपास प्रयत्न करतोय. कुणी सांगेल का, मी कधीपासून धरू?

शेवंती_ | ३१ जुलै, दुपारी १२:२०

२४ वजा १४ म्हणजे १०. त्याच्या आधीचे पाच धर, म्हणजे पाचव्या दिवसापासून. पाळी थांबली न थांबली तोच. चौदाव्याला गाडी गेलेली असते गं. आणि त्याची तपासणीही याच महिन्यात करून घ्या, तीन महिन्यांत ताप येऊन गेला असेल तर विसरू नका, तिथे सांगा.